‘आजोबा रणजी खेळले होते’ : घरातल्या गोष्टीचा पडताळा कसा घ्यावा

‘आमचे आजोबा रणजी खेळले होते’ हे वाक्य मराठी घरांतून इतक्या वेळा ऐकू येते की, ती सगळी वाक्ये शब्दशः खरी मानली तर १९४० च्या दशकातल्या महाराष्ट्राच्या संघाला अकराऐवजी शंभर-दीडशे गडी मैदानात उतरवावे लागले असते. तरीही यांतली निव्वळ थाप फार थोडी असते. बहुतेक गोष्टींचा गाभा खरा असतो आणि त्यातला एखादाच शब्द वर्षानुवर्षे सांगण्याच्या ओघात बदललेला असतो: ‘निवड झाली’चे ‘खेळले’ होते, ‘हिंदू जिमखान्या’चे ‘हिंदू संघ’ होते, आणि ‘लँकेशायर लीग’ची ‘कौंटी’ होते. पडताळा घ्यायचा म्हणजे हा बदललेला शब्द नेमका कोणता, ते शोधायचे.

या कामात दोन चुका पुन्हा पुन्हा होताना दिसतात. पहिल्याच दिवशी क्रिकेटच्या धावफलकांचे संकेतस्थळ उघडून आडनाव टाकले जाते. त्या आडनावाचा कोणी सापडला की ‘हेच आपले आजोबा’ म्हणून शोध थांबतो, आणि नाही सापडला की ‘सगळे खोटे होते’ म्हणूनही शोध थांबतो. दोन्ही निष्कर्ष घाईचे असतात, कारण दोन्ही वेळा कामाचा क्रम उलटा झालेला असतो. आधी घर, मग नाव, मग स्पर्धा, मग कागद, आणि त्यानंतर संकेतस्थळ, वृत्तपत्र व संस्था, हा क्रम सोडू नये.

पूर्वतयारी

एक जाड वही घ्यावी आणि ती फक्त याच कामासाठी ठेवावी. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी सांगितली किंवा कुठे सापडली, आणि कोणत्या तारखेला, हे लिहावे. फोनवर कागदांची छायाचित्रे काढणार असाल तर प्रत्येक कागदाची पुढची आणि मागची अशी दोन्ही बाजूंची काढावीत. मागची बाजू का महत्त्वाची, ते चौथ्या टप्प्यात येईल. ग्रंथालयांच्या वेळा, सुट्ट्या आणि पत्रांची उत्तरे यांत दिवस जातात, म्हणून हे काम आजोबांच्या जन्मशताब्दीच्या आदल्या आठवड्यात सुरू करू नये.

टप्पा १ : गोष्ट जशी सांगितली जाते तशी लिहून घ्या

घरातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला वेगवेगळे गाठावे. लग्नकार्यात सगळे एकत्र असताना विचारले तर ज्याचा आवाज मोठा त्याची आवृत्ती इतर सगळे मान्य करून टाकतात, आणि मग चार साक्षी मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती एकच साक्ष असते.

प्रश्न उत्तर सुचवणारा नसावा. ‘रणजी खेळले होते ना?’ असे विचारले की ‘हो’च येते. त्याऐवजी ‘आजोबा खेळायला कुठे कुठे जात?’, ‘सोबत कोण असे?’, ‘तेव्हा त्यांचे लग्न झाले होते का?’, ‘कोणती परीक्षा बुडाली?’ असे विचारावे. मूळ दाव्यापेक्षा असे किरकोळ तपशील जास्त उपयोगी पडतात, कारण ते सजवून सांगण्याची कोणाला गरज वाटलेली नसते. एका घरात आजींना सामन्याचे काही आठवत नव्हते, पण ‘वाडी स्टेशनावर रात्रभर गाडीची वाट पाहिली आणि बॅटी चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांवर डोके ठेवून झोपले’ एवढे पक्के आठवत होते. पुण्याहून निघालेला माणूस वाडीला गाडी बदलतो तो हैदराबादकडे जाण्यासाठी. महाराष्ट्र पश्चिम विभागात आणि हैदराबाद दक्षिणेत असल्याने त्या काळी रणजीत या दोघांची गाठ पडायची तर विभागाबाहेरच्या पुढच्या फेरीतच. म्हणून सिकंदराबादच्या मोईन-उद-दौला गोल्ड कप या स्पर्धेची शक्यता आधी तपासायला हवी, हे त्या एका वाक्यातून निघाले.

सगळे लिहून झाल्यावर दाव्याचे सहा तुकडे करावेत: व्यक्ती, संघ, स्पर्धा, हंगाम, भूमिका आणि मूळ सांगणारा. ‘भूमिका’ म्हणजे अकरांत होते, बारावे गडी होते, राखीव होते, की निवड चाचणीला गेले होते. ज्या तुकड्याचे उत्तर मिळाले नाही तिथे जागा मोकळी सोडावी. अंदाजाने भरू नये.

तपासणी: सांगणाऱ्याने स्वतः पाहिले, आजोबांच्या तोंडून ऐकले, की तिसऱ्याकडून ऐकले, हे प्रत्येक साक्षीपुढे लिहिले आहे का? नसेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा २ : नाव पक्के करा

धावफलकात माणूस आद्याक्षरांनी ओळखला जातो आणि घरात टोपणनावाने. ‘बापू’ नाडकर्णी शोधायला निघालेल्याला ‘आर. जी. नाडकर्णी’, म्हणजे रमेशचंद्र गंगाराम, हे माहीत नसेल तर जुन्या धावफलकात ते डोळ्यांसमोर असूनही दिसणार नाहीत. तुमच्या घरातले ‘अण्णा’, ‘नाना’, ‘बाळासाहेब’ यांचीही तीच गत आहे.

मराठी नावात मधले अक्षर वडिलांचे असते, त्यामुळे सख्ख्या भावांचे मधले अक्षर आणि आडनाव एकच येते. माधव आपटे हे एम. एल. आणि त्यांचे बंधू अरविंद हे ए. एल.; दोघेही कसोटी खेळले. अशा जोडीत एका अक्षराची छापील चूक झाली तरी एका भावाची धाव दुसऱ्याच्या खात्यात जाते. आडनाव एकच पण घराणी वेगळी, असेही असते: डी. के. गायकवाड बडोद्याचे आणि एच. जी. गायकवाड होळकर संघाचे. दोघांचा नात्याने काही संबंध नाही. पूर्वीच्या काळी तर क्रमही उलटा असे. पालवणकर बंधूंची नावे धावफलकांत पी. बाळू, पी. शिवराम, पी. विठ्ठल अशी येतात. तिथे आडनाव हेच आद्याक्षर झाले आहे. म्हणून आजोबांचे पहिले नाव हे आडनाव असल्यासारखे धरूनही एकदा शोधावे.

पुढील गोष्टी शाळा सोडल्याचा दाखला, नोकरीचे सेवापुस्तक किंवा पदवी प्रमाणपत्र यांवरून ठरवाव्यात:

– पूर्ण नाव, आणि दत्तक गेले असल्यास दत्तकापूर्वीचे नाव. दत्तकाने वडिलांचे नाव बदलते, आणि पुष्कळदा आडनावही. तरुणपणी एका नावाने खेळलेला माणूस म्हातारपणी दुसऱ्याच नावाने ओळखला जातो.
– आडनाव बदलले असल्यास जुने आडनाव. गावावरून पडलेले ‘-कर’ आडनाव काही घरांनी मध्येच घेतले किंवा सोडले आहे.
– इंग्रजीत आडनाव किती प्रकारे लिहिले जाई. ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, ‘क्ष’साठी एक्स की केएसएच, शेवटी जादा ‘ए’ आहे की नाही, हे सगळे प्रकार आधी कागदावर मांडावेत आणि मग शोधावे.
– जन्मतारीख.

इशारा: दाखल्यावर १ जून ही तारीख असेल तर तिच्यावर विसंबू नये. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने टाकलेली ती तारीख निम्म्या महाराष्ट्राची आहे. संकेतस्थळावरच्या खेळाडूची आणि आजोबांची जन्मतारीख १ जून अशी जुळली, तर तो पुरावा होत नाही. आणि तारीख जुळली नाही म्हणून माणूस वेगळा, असेही ठरत नाही.

टप्पा ३ : संघ आणि स्पर्धा त्या वर्षी होत्या का, ते पाहा

हा टप्पा एका संध्याकाळी होतो आणि अर्धे दावे इथेच सुधारून घ्यावे लागतात.

रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या वर्षाचा ‘रणजी’ दावा म्हणजे दुसरीच एखादी स्पर्धा. आजचे महाराष्ट्र राज्य एक असले तरी रणजीत त्याचे तीन संघ आहेत, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. आणि ‘महाराष्ट्राकडून खेळले’ असे नागपूरच्या किंवा दादरच्या घरात म्हटले जाते तेव्हा ‘महाराष्ट्र’ या नावाच्या, पुण्यात मुख्य ठाणे असलेल्या संघाबद्दलच बोलणे चालले आहे असे धरून चालू नये. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून आहे. त्याआधी नागपूरकडच्या खेळाडूला मध्य प्रांत-वऱ्हाडच्या आणि नंतर मध्य प्रदेशच्या संघात शोधावे लागते. इंदूरचा होळकर संघ १९४१-४२ ते १९५४-५५ एवढाच काळ होता आणि तेवढ्यात त्याने चार वेळा रणजी करंडक जिंकला, सी. के. नायडूंच्या त्या संघात मराठी नावे पुष्कळ आहेत. बडोद्याचा संघ तर मराठी घरांतल्या आठवणींत हमखास येतो. गोव्याचा संघ १९८५-८६ पासून रणजी खेळू लागला, त्यामुळे १९७० च्या दशकात ‘गोव्याकडून रणजी’ असे कोणी सांगत असेल तर स्पर्धा किंवा संघ, दोहोंपैकी एक चुकीचे आहे.

हंगामाचे लिखाण हीसुद्धा नेहमीची अडचण आहे. आपला क्रिकेटचा हंगाम दोन वर्षांत विभागलेला असतो; म्हणून ‘१९४८ साली’ याचा अर्थ १९४७-४८ ही होतो आणि १९४८-४९ ही. दोन्ही तपासावेत.

आता स्पर्धेची पायरी. रणजी, दुलीप करंडक (१९६१-६२ पासून), इराणी करंडक आणि मुंबईचे, धर्मावरून पाडलेल्या संघांचे जुने तिरंगी, चौरंगी व पंचरंगी सामने हे प्रथम श्रेणीचे, म्हणजे खेळाडूच्या अधिकृत आकडेवारीत धरले जाणारे वरच्या दर्जाचे. मुंबईतली क्लबांची कांगा लीग, कचेऱ्यांची टाइम्स शील्ड, क्लबांचीच पुरुषोत्तम शील्ड, विद्यापीठांची रोहिंटन बारिया, शाळांची हॅरिस व गाइल्स शील्ड या प्रथम श्रेणीच्या नव्हेत, मग त्यांत कसोटीपटू का खेळेनात. आपल्याकडे यांतल्या कांगा लीगला किंवा टाइम्स शील्डला कमी लेखण्याचे कारण नाही. पावसाळ्यातल्या ओल्या खेळपट्टीवर कांगा लीग खेळलेला माणूस फलंदाजीचे जे शिकला ते कोरड्या मैदानावर शिकता येत नाही. पण नोंदीचा प्रश्न वेगळा आहे. मोईन-उद-दौलाचे मात्र जपून: ही स्पर्धा काही हंगामांत प्रथम श्रेणीची धरली गेली आणि काहींत नाही, म्हणून तिथे हंगाम पाहिल्याशिवाय काहीच लिहू नये.

इशारा: ‘हिंदूंकडून खेळले’ याचे दोन अर्थ होतात. पंचरंगी सामन्यांतला ‘हिंदू’ हा निवडक संघ होता आणि त्या सामन्यांची अखेर १९४५-४६ मध्ये झाली. हिंदू जिमखाना हा क्लब आहे. त्याच्याकडून दर रविवारी खेळणारे अनेक जण होते. १९४६ नंतरचा दावा असेल तर तो क्लबचाच.

‘इंग्लंडमध्ये कौंटी खेळले’ असा दावा असेल तर

इथे ‘व्यावसायिक’ हा शब्द नीट समजून घ्यावा लागतो. लँकेशायर लीग ही क्लबांची स्पर्धा. तिथे प्रत्येक क्लबला एकच पगारी खेळाडू ठेवता येई आणि बाकीचे दहा जण गिरणीत, दुकानात काम करून शनिवारी खेळणारे हौशी असत. विनू मंकड १९५२ मध्ये हॅसलिंग्डन क्लबशी असेच करारबद्ध होते, आणि लॉर्ड्सच्या कसोटीसाठी त्यांना त्या क्लबकडून मोकळे करून घ्यावे लागले. त्या कसोटीत त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या. कौंटी क्रिकेट, म्हणजे इंग्लंडमधल्या परगण्यांच्या संघांचे प्रथम श्रेणीचे क्रिकेट, ही वेगळी गोष्ट. १९६८ पूर्वी परदेशी खेळाडूला कौंटीत येण्यासाठी त्या भागातल्या वास्तव्याची अट असे; त्या वर्षी ती शिथिल झाल्यावर फारूख इंजिनिअर लँकेशायरकडे गेले. भारतातून कौंटी खेळलेल्यांची नावे मोजकी आणि सर्वज्ञात आहेत, त्यांत आजोबांचे नाव नसेल तर ते शिकायला किंवा नोकरीला गेले असताना एखाद्या क्लबकडून हौशी म्हणून खेळले असण्याची शक्यता सर्वांत मोठी. तो शोध मग त्या गावच्या वृत्तपत्रात आणि त्या क्लबच्या जुन्या स्कोअरबुकांत घ्यावा लागतो.

टप्पा ४ : घरातले कागद वाचा

आता ट्रंक उघडावी. चार प्रकारच्या वस्तू सापडतात आणि प्रत्येकीची साक्ष देण्याची ताकद वेगळी असते.

ब्लेझर आणि टोपी यांवर सर्वांत कमी विश्वास ठेवावा. खिशावरचे चिन्ह क्लबचे, कॉलेजचे, विद्यापीठाचे, कचेरीचे की क्रिकेट असोसिएशनचे, हे दुरून सारखेच दिसते. चिन्हातली अक्षरे भिंगाने वाचून उतरवून घ्यावीत.

संघाचे छायाचित्र बरे, पण त्यातली माणसे मोजावीत. पांढऱ्या कपड्यांत पंधरा जण असतील तर त्यांत चार जण न खेळलेले आहेत. फोटोखालच्या पट्टीवर नावे छापलेली असतील तर ती ओळीने, जशी आहेत तशी, चुकांसकट लिहून घ्यावीत. आपल्या माणसाखेरीज उरलेली चौदा नावे पुढे संघ आणि हंगाम ओळखायला उपयोगी पडतात. फोटो चौकटीतून काढता येत असेल तर मागे स्टुडिओचा शिक्का आणि गाव पाहावे.

प्रशस्तिपत्र चांगले, त्यावर स्पर्धेचे नाव असते.

वृत्तपत्राचे कात्रण सर्वांत चांगले आणि सर्वांत फसवे. आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. चुलत आजोबांच्या नावाचे कात्रण माझ्या आत्याने पोथीत जपून ठेवले होते. ‘संघ पुढीलप्रमाणे’ असे म्हणून चौदा नावे, तेरावे आमचे. वरचा मथळा कापलेला, तारीख नाही. मी ते दोन वर्षे ‘रणजीचे कात्रण’ म्हणून सगळ्यांना दाखवत होतो आणि मागची बाजू एकदाही पाहिली नव्हती. मागे एका दुकानाच्या हलव्याच्या दागिन्यांची अर्धी जाहिरात होती आणि कोपऱ्यात ‘मंगळवार ता. १४’ एवढे उरले होते. दिनदर्शिका घेऊन बसल्यावर दिसले की, ऑक्टोबर १९४५ ते मार्च १९५१ या सहा हंगामांत, दर हंगामाचे ऑक्टोबर ते मार्च एवढेच महिने धरले तर, चौदा तारखेला मंगळवार फक्त सहा वेळा आला आहे: जानेवारी १९४७, ऑक्टोबर १९४७, डिसेंबर १९४८, फेब्रुवारी आणि मार्च १९५०, आणि नोव्हेंबर १९५०. हलव्याचे दागिने संक्रांतीला लागतात, म्हणजे जानेवारी १९४७. तो अंक ग्रंथालयात मिळाला, मथळाही मिळाला. संघ विद्यापीठाचा होता आणि स्पर्धा रोहिंटन बारिया. ‘रोहिंटन’चे ‘रणजी’ कधी झाले, ते घरात कोणालाच सांगता आले नाही.

तपासणी: कात्रणात निवडलेल्या संघाची यादी आहे की झालेल्या सामन्याचा धावफलक? यादी असेल तर ती फक्त निवड सिद्ध करते.

टप्पा ५ : धावफलक तपासा, पण नावावरून नव्हे, संघावरून

इथे आल्यावर संकेतस्थळ उघडावे. ईएसपीएन क्रिकइन्फो विनामूल्य आहे; क्रिकेटआर्काइव्हला वर्गणी भरावी लागते, पण जुन्या देशी सामन्यांचे धावफलक तिथे अधिक सोयीने मिळतात. चेन्नईच्या कस्तुरी अँड सन्सचे ‘इंडियन क्रिकेट’ हे वार्षिक एखाद्या ग्रंथालयात मिळाले तर तेही शेजारी घेऊन बसावे.

शोधपेटीत नाव टाकण्याचा मोह आवरावा. त्याऐवजी दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांत ठरलेला संघ आणि हंगाम घेऊन, अलीकडचे दोन आणि पलीकडचे दोन हंगाम धरून, त्या संघाचे सगळे सामने एकेक उघडावेत. हे वाटते तितके मोठे काम नाही. १९५७-५८ मध्ये विभागवार साखळी पद्धत येईपर्यंत रणजी बाद पद्धतीने खेळली जाई, आणि पहिल्या फेरीत हरलेल्या संघाचा हंगाम एका सामन्यात संपे. याचा आणखी एक अर्थ असा की, पाच वर्षे संघात असलेल्या माणसाच्या नावावर चार-पाचच सामने असणे त्या काळात मुळीच विचित्र नव्हते. आजच्या हिशेबाने ‘एवढेच?’ असे म्हणू नये.

प्रत्येक धावफलकात दोन्ही संघांची अकरा-अकरा नावे मोजावीत. ‘फलंदाजी केली नाही’ या ओळीतली नावे वगळली जातात आणि हमखास तिथेच आपला माणूस असतो. ज्याने ना फलंदाजी केली ना गोलंदाजी, तोही सामना खेळलाच. उलट बारावा गडी दिवसभर क्षेत्ररक्षण करूनही सामना खेळलेला धरला जात नाही; त्याने घेतलेला झेल जुन्या धावफलकात ‘झेल बदली खेळाडू’ एवढाच येतो, नावाशिवाय. म्हणून ‘आजोबांनी अमक्याचा झेल घेतला होता’ ही आठवण खरी असूनही त्यांच्या नावावर एकही सामना नसणे शक्य आहे. असा झेल धावफलकात दिसला तर तो वहीत ठळक लिहून ठेवावा.

गाजलेल्या सामन्यांचे दावे याच रीतीने चटकन निकालात निघतात. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या आणि ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना काठियावाडने सामनाच सोडून दिला. त्या दिवशी ‘संघात होतो’ म्हणणारे पुष्कळ आहेत. धावफलकात महाराष्ट्राची नावे अकराच आहेत. बाकीचे बहुधा कुंपणाशी उभे राहून पाहत होते, आणि तेही काही कमी भाग्य नव्हे.

इशारा: एकाच नावाचे दोन खेळाडू संकेतस्थळावर एका पानावर जोडले गेलेले असू शकतात, किंवा एकच खेळाडू दोन पानांवर फुटलेला असू शकतो. सापडलेल्या पानावरचे संघ, गाव आणि वय हे पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या नोंदींशी ताडून पाहावेत. किमान तीन गोष्टी जुळल्याशिवाय ‘सापडले’ असे लिहू नये.

रणजीचे धावफलक उपलब्ध असल्याने तिथे नाव नसणे हा बराच जोरदार नकार आहे. क्लब, कचेरी आणि विद्यापीठाच्या सामन्यांच्या नोंदी मात्र तुटक आहेत. तिथे संकेतस्थळावर नाव नसण्याला काहीच किंमत नाही.

टप्पा ६ : वृत्तपत्रांकडे तारीख घेऊन जा

तारखेशिवाय जुन्या फाइली चाळायला बसू नये. डोळे दुखतात आणि हाती काही लागत नाही. सामन्याची तारीख हातात असेल तर तीन प्रकारचे अंक मागावेत: सामन्याआधीच्या आठवड्यातले, कारण निवडलेला संघ तेव्हा छापला जातो, पहिल्या दिवसानंतरचा, कारण प्रत्यक्ष अकरा जण त्यात कळतात, आणि शेवटच्या दिवसानंतरचा, पूर्ण धावफलकासाठी. घरोघरी जपलेली कात्रणे बहुतेक पहिल्या प्रकारची असतात, आणि गोष्टीत शब्द बदलतो तो पहिल्या आणि दुसऱ्या अंकाच्या मधल्या तीन-चार दिवसांत. ऐनवेळी कोणी आजारी पडल्याने आत आलेला गडी आणि ऐनवेळी वगळला गेलेला गडी, दोघेही याच फटीत सापडतात.

पुण्यासाठी ‘केसरी’ आणि ‘सकाळ’, नागपूरसाठी ‘तरुण भारत’ आणि ‘हितवाद’, मुंबईसाठी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ व ‘बॉम्बे क्रॉनिकल’, आणि १९४८ नंतर ‘लोकसत्ता’, असा क्रम ठेवावा. क्रॉनिकलचे बरेच अंक इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. टाइम्सचा जुना संग्रह विद्यापीठ ग्रंथालयांतून पाहता येतो. संगणकावर शब्द टाकून शोधताना बारीक टंकातला धावफलक यंत्राला नीट वाचता येत नाही, म्हणून शोधात काही आले नाही तरी क्रीडापान स्वतः उघडून वाचावे.

मराठी आणि इंग्रजी, दोन्ही वृत्तपत्रे पाहावीत. इंग्रजीत फक्त आद्याक्षर असते. मराठी बातमीदार मात्र गावच्या मुलाचे पूर्ण नाव, कॉलेज आणि कधी वडिलांचा हुद्दाही देतो, आणि ओळख पटते ती त्या वाक्याने.

टप्पा ७ : संस्थांना नेमका प्रश्न विचारा

असोसिएशन, जिमखाना, विद्यापीठाचा क्रीडा विभाग, आणि आजोबा जिथे नोकरीला होते ती बँक, रेल्वे किंवा गिरणी यांना पत्र पाठवायचे ते या टप्प्यावर, आधी नव्हे. ‘आमचे आजोबा तुमच्याकडून खेळले होते का, कृपया कळवावे’ या पत्राला उत्तर येत नाही. मी अशी सहा पत्रे पाठवून पाहिली आहेत. पत्रात पूर्ण नाव, इंग्रजी आद्याक्षरे, हंगाम, स्पर्धा, प्रतिस्पर्धी आणि एकच प्रश्न असावा: ‘या हंगामाची संघयादी, स्कोअरबुक किंवा वार्षिक अहवाल आपल्याकडे आहे का, आणि तो येऊन पाहता येईल का?’ शोधायचे काम आपण करतो, त्यांनी फक्त कपाट उघडायचे, हे पत्रातून दिसले पाहिजे. सोबत छायाचित्राची प्रत जोडावी. पंधरा दिवसांनी फोन करावा, आणि शक्य असेल तर स्वतः जावे. जुन्या क्लबांत सचिवापेक्षा मैदान सांभाळणाऱ्या जुन्या माणसाला जास्त माहीत असते.

नोकरीच्या ठिकाणचे सेवापुस्तक मिळाले तर त्यात ‘खेळासाठी विशेष रजा’ अशी नोंद आहे का पाहावे. तारखांसकट मिळालेली रजा आणि सामन्याच्या तारखा जुळणे हा फार चांगला पूरक पुरावा आहे.

इशारा: ‘बीसीसीआयचे निवृत्तिवेतन मिळत नव्हते, म्हणजे ते खेळलेच नसतील’ हा तर्क चुकीचा आहे. प्रथम श्रेणीच्या जुन्या खेळाडूंना निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान २५ सामन्यांची अट आहे, आणि बाद पद्धतीच्या काळात इतके सामने फारच थोड्यांच्या वाट्याला आले.

टप्पा ८ : निष्कर्ष लिहा

पहिल्या टप्प्यातले सहा तुकडे पुन्हा समोर घ्यावेत आणि प्रत्येकापुढे ‘सिद्ध’, ‘संभाव्य’, ‘पुरावा नाही’ किंवा ‘खोडले गेले’ यांपैकी एकच शब्द लिहावा. ‘सिद्ध’ म्हणायला एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन पुरावे हवेत. संकेतस्थळ आणि त्यावरून लिहिलेला वाढदिवसाचा लेख, हे दोन नव्हेत.

मग एक वाक्य तयार करावे आणि ते पुराव्यापेक्षा एका शब्दानेही पुढे जाऊ देऊ नये. आमच्या चुलत आजोबांचे वाक्य असे झाले: ‘जानेवारी १९४७ मध्ये रोहिंटन बारिया स्पर्धेसाठी विद्यापीठाच्या चौदा जणांच्या संघात निवड, सामन्यात बारावे गडी, रणजी स्पर्धेत खेळल्याचा पुरावा नाही.’ आत्याला ते वाचून दाखवले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘बारावा म्हणजे पाणी घेऊन जाणारा ना? तरीच ते म्हणायचे, मैदानात जाऊन आलो.’ हेही मी तारीख घालून वहीत लिहून घेतले.

‘खोडले गेले’ असे लिहायची वेळ आली तर ते वाक्य आधी ज्यांनी गोष्ट सांगितली त्यांना एकट्याने दाखवावे, सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. त्यांच्याकडून या वेळी एखादा नवा तपशील निघतो, संघाचे दुसरे नाव, दुसरे गाव, दुसरे साल. तो निघाला तर तिसऱ्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करावी. वही, कात्रणांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती आणि पत्रव्यवहार एका पाकिटात घालून त्यावर आजोबांचे पूर्ण नाव, आद्याक्षरे आणि टोपणनाव, तिन्ही लिहावे.